एडीएचडी आणि बक्षिसाला मेंदूचा प्रतिसाद: नाशिकच्या पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

नाशिकमध्ये पालकांच्या बैठका घेताना आणि समुपदेशन करताना गेली अनेक वर्षे एडीएचडीविषयी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांचा विकार) जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो पालकांचीच ठेवली आहे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या ठिकाणी आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचून निदान करता येणार नाही. ते तज्ज्ञाचे काम आहे. मात्र तज्ज्ञाकडे जाण्याआधी आणि तेथून आल्यानंतर घरात जे घडते, ते समजून घ्यायला याचा उपयोग व्हावा.

१. आमचा मुलगा लहानपणापासून चंचल आहे. नुसता चंचलपणा आणि एडीएचडी यांतला फरक कसा ओळखायचा?

चंचल मूल आणि एडीएचडी असलेले मूल यांच्या वागण्याचा प्रकार फारसा वेगळा नसतो. फरक असतो तो प्रमाणाचा, सातत्याचा आणि त्यामुळे होणाऱ्या नुकसानीचा. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या, अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निकषसंचात लक्ष न टिकण्याची नऊ आणि अतिचंचलता व उतावीळपणा यांची नऊ लक्षणे दिलेली आहेत. या दोहोंपैकी किमान एका गटातील सहा लक्षणे (१७ वर्षे व त्यापुढील वयात पाच) कमीत कमी सहा महिने टिकून असावी लागतात. त्यांपैकी काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, आणि घर, शाळा, शिकवणी अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावीत. केवळ एका विशिष्ट शिक्षकाच्या तासाला मूल अस्वस्थ होत असेल, तर आधी त्या तासात काय घडते ते पाहिले पाहिजे. मुलांमध्ये एडीएचडीचे प्रमाण सुमारे ५ टक्के आणि प्रौढांमध्ये सुमारे २.५ टक्के मानले जाते. ही लक्षणे थोड्याफार प्रमाणात सगळ्यांतच असतात. उंची किंवा रक्तदाब जसा कमी-अधिक असतो तशीच ती असतात, आणि निदानाची रेषा त्या सलग पट्टीवर कोठेतरी ओढलेली असते.

२. मेंदूची बक्षीस-यंत्रणा म्हणजे काय? डोपामिन हे आनंद देणारे रसायन आहे ना?

बक्षीस म्हणजे येथे केवळ ढाल किंवा सायकल नव्हे. शाबासकी, गुण, पैसा, आवडता खाऊ, खेळातली पुढची पायरी, कोडे सुटल्याचे समाधान, हे सगळे मेंदूच्या लेखी बक्षीसच असते. मध्यमेंदूतल्या काही चेतापेशी डोपामिन हे रसायन मेंदूच्या आतील स्ट्रायटम या भागाकडे आणि कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाकडे पोहोचवतात. स्ट्रायटमच्या खालच्या बाजूला न्यूक्लिअस अक्युंबन्स नावाचा एक लहान भाग आहे, आणि बक्षिसाच्या संशोधनात त्याचे नाव सर्वांत जास्त येते.

डोपामिनला आनंदाचे रसायन म्हणणे मात्र दिशाभूल करणारे आहे. वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत, आणि १९९७ मध्ये पीटर डायन व रीड माँटेग्यू यांच्यासह लिहिलेल्या लेखात, या पेशींचे काम अधिक नेमके उलगडले. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की या पेशी जोरात चेतत. पण दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकडाला कळले, की त्या रसाच्या वेळी न चेतता दिवा लागतानाच चेतू लागत. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षा खाली जाई. अपेक्षा आणि प्रत्यक्ष मिळालेले फळ यांतला फरक या पेशी जणू मोजत असतात. कॉलेज रोडवर मिसळीच्या दुकानाजवळ येताच तर्रीच्या वासाने तोंडाला पाणी सुटते आणि पाय आपोआप आत वळतात. मिसळ अजून पुढ्यात यायची असते. खुणेवरून मिळणारी ही ओढ हे डोपामिनचे खरे काम आहे. एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि ती मिळाल्यावर आवडणे या मेंदूत वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डोपामिनचा संबंध मुख्यतः पहिलीशी आहे.

३. मग एडीएचडीमध्ये या यंत्रणेत काय वेगळे असते?

याचे एकच एक उत्तर नाही, पण अनेक धागे एकाच दिशेला जातात.

पहिला धागा प्रतिमांचा आहे. बक्षीस मिळण्याची खूण दिसल्यावर, पण ते हातात येण्यापूर्वी, स्ट्रायटमचा खालचा भाग किती चेततो हे एमआरआय यंत्रात पाहिले जाते. मायकेल प्लिख्टा आणि अनुक स्खेरेस यांनी २०१४ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एडीएचडी असलेल्या गटात हा प्रतिसाद सरासरीने कमी आढळला आणि फरक मध्यम आकाराचा होता. दुसरा धागा रसायनाचा आहे. नोरा व्होल्कॉव यांच्या गटाने २००९ मध्ये, कधीही औषध न घेतलेल्या ५३ प्रौढांची तुलना एडीएचडी नसलेल्या ४४ जणांशी केली. त्यांना अक्युंबन्स आणि मध्यमेंदू या भागांत डोपामिनचे ग्राहक (पेशींवरची ते टिपणारी प्रथिने) आणि डोपामिन परत शोषून घेणारी वाहक प्रथिने, दोन्ही कमी आढळली.

तिसरा धागा सिद्धान्ताचा, आणि पालकांच्या दृष्टीने तोच सर्वांत उपयोगी आहे. गेल ट्रिप आणि जेफ विकेन्स यांनी २००८ मध्ये मांडले, की एडीएचडीमध्ये डोपामिनचा प्रतिसाद बक्षिसावरून खुणेवर नीटसा सरकत नाही. म्हणजे मिसळ पुढ्यात आली की आनंद होतो, पण वासाने पाय वळत नाहीत. अभ्यासाच्या वहीकडे पाहून इतर मुलाला शेवटी मिळणाऱ्या शाबासकीची जी पुसट ओढ आधीच जाणवते, ती या मुलाला जाणवत नाही किंवा फार क्षीण जाणवते. बक्षीस त्याला आवडते. आवडत नसते तर ते मिळाल्यावर तो इतका हरखला नसता. बक्षिसापर्यंतच्या वाटेवर त्याला ओढून नेणारे बळ मात्र तोकडे पडते.

४. "वार्षिक परीक्षेत चांगले गुण मिळव, सायकल घेऊन देतो" असे सांगितले. मुलगा खूश झाला, पण चार दिवसांत सगळे विसरला. इतके मोठे बक्षीसही त्याला पुरत नाही का?

बक्षीस मोठे होते, पण लांब होते. प्रत्येक माणसाच्या मनात दूरच्या फळाची किंमत कमी होते. पुढच्या वर्षी मिळणारे हजार रुपये आजच्या हजारांइतके वाटत नाहीत. एडीएचडीमध्ये ही घसरण सरासरीने अधिक तीव्र असते, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत दिसले आहे. नॉर्वेचे तेर्ये सागवोल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हीच गोष्ट शिकण्याच्या अंगाने मांडली. कृती आणि तिचे फळ यांत जितका वेळ जातो तितकी त्या फळाची कृतीला पक्के करण्याची ताकद ओसरते, आणि या मुलांत ती फार लवकर ओसरते.

निफाड-दिंडोरीकडच्या पालकांना मी द्राक्षबागेचे उदाहरण देतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तेव्हा बागेत घड नसतात, मिळकत नसते, फक्त खर्च आणि कष्ट असतात. त्यानंतरच्या काही आठवड्यांत काडीच्या डोळ्यांत घड तयार होऊ लागतो, पण तो दिसायला ऑक्टोबरची गोडी छाटणी व्हावी लागते आणि पैसा हातात यायला पुढचा जानेवारी ते एप्रिल उजाडतो. एप्रिलच्या उन्हात कात्री चालवणाऱ्याच्या मनात पुढच्या वर्षीचा घड जिवंत असतो, म्हणून हात चालतो. शाळेचा अभ्यास हे खरड छाटणीसारखेच काम आहे. ज्याच्या मेंदूत पुढच्या वर्षीचा घड अंधूक दिसतो, त्याला "घड मोठा येईल" असे सांगून फार उपयोग होत नाही. घड जवळ आणावा लागतो. तो कसा आणायचा, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

५. हाच मुलगा मोबाइलवर तीन तास हलत नाही. मग लक्ष लागत नाही असे कसे म्हणायचे? सासूबाई म्हणतात, सगळी नाटके आहेत.

हा प्रश्न सर्वांत जास्त घरांतून येतो आणि याच्या उत्तरावाचून बाकीचे काहीच नीट समजत नाही. एडीएचडीमध्ये लक्ष देण्याची क्षमता नष्ट झालेली नसते. ते लक्ष कोठे आणि किती वेळ लावायचे, यावरचा ताबा कमकुवत असतो. खेळाची रचना पाहावी: दर काही सेकंदांनी गुण, आवाज, रंग, नवी पायरी, आणि पुढचे बक्षीस नेमके कधी येईल याची उत्सुकता. कृती आणि फळ यांत अंतरच ठेवलेले नसते. प्रश्न ४ मध्ये सांगितलेली घसरण तेथे सुरू होण्याआधीच पुढचे फळ हातात पडते. गणिताच्या वहीत तसे होत नाही. वीस उदाहरणे सोडवल्यावर ती उद्या तपासली जातात आणि शेरा परवा मिळतो.

म्हणून खेळातले लक्ष हा नाटकाचा पुरावा ठरत नाही. फळ लगेच आणि वारंवार मिळाले तर हे मूल टिकून राहू शकते, एवढेच त्यातून कळते. आजी-आजोबांना हे सांगताना माझा अनुभव असा आहे की डोपामिनचे नाव न घेता हा वहीचा आणि खेळाचा फरक मांडला, की त्यांना तो पटकन पटतो.

६. थांबता न येणे म्हणजे संयम नसणे, आणि संयम संस्कारांनी येतो. मग हा आमच्या वळण लावण्याचाच दोष नाही का?

वळणाला महत्त्व आहेच, पण या ठिकाणी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एडमंड सोनुगा-बार्क यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अतिचंचल मुलांना लहान पण लवकर मिळणारे आणि मोठे पण उशिरा मिळणारे बक्षीस यांत निवड करायला दिली. लहान बक्षीस घेतल्याने एकूण थांबण्याचा काळ कमी होत असेल, तेव्हा ती मुले लहान बक्षीस घेत. पण काहीही निवडले तरी एकूण वेळ तितकाच जाणार, अशी रचना केली की तीच मुले मोठ्या बक्षिसासाठी थांबत. या मुलांना मोठ्या फळाची किंमत कळते. रिकाम्या प्रतीक्षेचा काळ त्यांना सोसवत नाही आणि ती त्यातून सुटका शोधतात. रांगेत उभे असताना चुळबुळ करणारे मूल बहुतेक वेळा हेच करत असते.

दुसरी गोष्ट अशी, की न थांबण्यामागे पुष्कळदा शहाणपणही असते. लासलगावच्या बाजारात कांदा लगेच विकायचा की भाव वाढेपर्यंत चाळीत ठेवायचा, हे ठरवताना कांदा सडण्याची भीती आणि डोक्यावरचे देणे यांचा विचार करून शेतकरी आज विकतो, तेव्हा आपण त्याला उतावीळ म्हणत नाही. हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, असे आपणच म्हणतो. मुलांचेही तसेच आहे. वडिलांनी कबूल केलेले बक्षीस तीनदा मिळाले नसेल, तर चौथ्यांदा न थांबणे हा मुलाने काढलेला योग्य निष्कर्ष आहे. लहान मुलांसमोर मार्शमेलो ही मऊ मिठाई ठेवून, आत्ता एक खा किंवा थांबलास तर दोन मिळतील, असे सांगून केलेला स्टॅनफर्डचा प्रयोग प्रसिद्ध आहे. २०१८ मध्ये मोठ्या संख्येने मुलांची माहिती घेऊन तो पुन्हा तपासला गेला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर लहानपणीच्या थांबण्याचा पुढील यशाशी असलेला संबंध बराच क्षीण झाला.

७. घरात बक्षिसाची पद्धत बसवायची, तर नेमके काय करावे?

सर्वप्रथम काम लहान करावे आणि फळ जवळ आणावे. "संध्याकाळचा अभ्यास पूर्ण कर" हे काम या मुलासाठी फार मोठे आहे. "पहिली चार उदाहरणे सोडव आणि मला दाखव" हे त्याच्या आवाक्यात येते. दाखवल्यावर त्याच क्षणी प्रतिसाद द्यावा. तो महागडा असण्याची गरज नसते. वहीवर ठिपका, पाठीवर थाप, दोन मिनिटे अंगणात चेंडू, एवढे पुरते, पण ते ताबडतोब आणि ठरल्याप्रमाणे मिळाले पाहिजे. स्वयंपाकघरातून "हं, ठेव, नंतर बघते" असे उत्तर गेले, की त्या संध्याकाळपुरती पद्धत मोडली असे समजावे.

दुसरे, खूण दिसेल अशी ठेवावी. प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे या मेंदूत खुणेपासून फळाची ओढ आपसूक निर्माण होत नाही, म्हणून ती बाहेर, डोळ्यांसमोर मांडावी लागते. भिंतीवरचा तक्ता, पारदर्शक बरणीत पडणारे मणी, वेळ संपताना दिसेल असे वाळूचे घड्याळ, अशा साध्या वस्तू मोबाइलमधल्या ॲपपेक्षा बरे काम करतात, असे मी पाहिले आहे. मणी मोजून शनिवारी मोठे बक्षीस ठेवता येते, पण मधले मणी हेच खरे बक्षीस असते आणि त्यांच्यावाचून शनिवार फार लांब असतो.

तिसरे, एका वेळी दोन किंवा तीनच सवयी निवडाव्यात आणि त्या करायच्या गोष्टी म्हणून लिहाव्यात. "त्रास देऊ नको" हे तक्त्यावर मोजता येत नाही. "शाळेतून आल्यावर दप्तर खुंटीला अडकवले" हे मोजता येते. एकदा मिळालेला मणी नंतरच्या भांडणात परत काढून घेऊ नये.

चौथी अडचण पालकांना हमखास येते. दोन-तीन आठवडे उत्तम चाललेली पद्धत अचानक निष्प्रभ होते, आणि पालक म्हणतात, "आमच्याकडे हे चालत नाही." पद्धत चुकलेली नसते; बक्षिसाचे नावीन्य संपलेले असते. बक्षिसांची यादी मुलाबरोबर बसून करावी आणि दर पंधरवड्याला बदलावी. एक मूल मणी नाकारून, आजोबांबरोबर सकाळी गोदाकाठी फेरी मारण्याची मुभा मागत असे. आईला ते बक्षीस वाटतच नव्हते, आणि त्याच बक्षिसावर पुढचे दोन महिने दप्तर वेळेवर भरले गेले.

८. ही लाच नाही का? उद्या प्रत्येक कामासाठी हात पुढे करेल.

लाच चुकीच्या कामासाठी देतात, किंवा आरडाओरडा थांबवण्यासाठी घाईघाईत कबूल करतात. येथे योग्य कामाचा मोबदला आधी ठरवून, काम झाल्यावर दिला जातो. ज्या कामात मुलाला मुळातच रस आहे त्याला बक्षीस लावू नये, कारण तेथे बाहेरचे बक्षीस आतली आवड कमी करू शकते. चित्र काढणाऱ्या मुलीला चित्रासाठी मणी देण्याचे कारण नाही. ज्या कामात आवड शून्य आहे तेथे मात्र गमावण्यासारखे काही नसते. सवय रुजू लागली की मणी दर वेळी न देता अधूनमधून द्यावेत. हे हळूहळू, काही महिन्यांत करावे. एडीएचडी असलेल्या मुलांत पुसट आणि तुरळक प्रतिसादाने नवी सवय रुजत नाही, म्हणून सुरुवातीला कंजुषी करू नये.

९. आमच्या वेळी एक धपाटा पुरायचा. शिक्षेने सुधारणार नाही का?

शिक्षा त्या क्षणी वागणे थांबवते, त्यामुळे ती परिणामकारक वाटते. तिच्यातून त्याऐवजी काय करायचे ते मात्र शिकता येत नाही. तासाभराने, बाबा घरी आल्यावर झालेली शिक्षा आणि दुपारची चूक यांची सांगड या मुलाच्या मनात कमी बसते, कारण प्रश्न ४ मधले अंतर शिक्षेलाही लागू होते. शिवाय दिवसभर ओरडा खाणाऱ्या मुलाला "मी वाईटच आहे" हे पाठ होते, आणि मग शाबासकीवरही विश्वास बसत नाही. मारणे तर पूर्णपणे टाळावे. परिणाम हवाच असेल तर तो छोटा, आधी सांगितलेला आणि लगेच होणारा असावा, जसे की दहा मिनिटे खेळ बंद. आणि दिवसाच्या शेवटी शाबासकीची संख्या रागावण्याच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त भरली पाहिजे.

१०. मी ४१ वर्षांचा आहे, अंबडला एका कारखान्यात नियोजनाचे काम करतो. अहवाल महिनाभर पडून राहतो आणि आदल्या रात्री चार तासांत उत्तम होतो. हेही तेच आहे का?

असू शकते. मुदत लांब असते तेव्हा अहवालाचे फळ आणि न केल्याचा तोटा, दोन्ही पुसट असतात. आदल्या रात्री दोन्ही समोर उभे राहतात आणि मेंदू कामाला लागतो. निकड ही त्या वेळी बक्षिसाची जागा घेते. परंतु ऐन वेळी काम करणारे सगळेच एडीएचडीचे नसतात. आपल्या बाबतीत हे शाळेपासून चालत आले आहे का, आणि ते पैशाचे व्यवहार, नातेसंबंध, वाहन चालवणे अशा इतर ठिकाणीही दिसते का, हे पाहावे लागेल. तोपर्यंत महिनाभराच्या मुदतीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा दुसऱ्या माणसाला प्रत्यक्ष दाखवण्याचे ठरवावे. स्वतःशी ठरवलेली मुदत बहुधा टिकत नाही. दर मंगळवारी चहाच्या वेळी सहकाऱ्याला दोन पाने दाखवायची आहेत, ही टिकते.

११. औषध नेमके काय करते? मूल गुंगीत राहील किंवा त्याला चटक लागेल, अशी भीती वाटते.

मेथिलफेनिडेट हे औषध डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन हे मेंदूतले दुसरे रसायन परत शोषून घेणाऱ्या वाहक प्रथिनांना अडवते, त्यामुळे ही रसायने चेतापेशींमधल्या जागेत अधिक काळ राहतात. ते गुंगी आणणारे औषध नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की या औषधाने माणसे अवघड बौद्धिक काम अधिक वेळा स्वीकारतात, कारण त्या कामाच्या कष्टांपेक्षा त्याच्या फायद्याचे पारडे मनात जड होते. कंटाळवाण्या वहीचे फळ थोडे जवळ दिसू लागते, असे म्हणता येईल. मूल मलूल किंवा गप्प झाले, तर ते औषधाचे यश समजू नये. मात्रा जास्त असण्याची ती खूण असू शकते आणि डॉक्टरांना लगेच कळवावे.

भूक कमी होणे, झोप उशिरा लागणे, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढणे हे दुष्परिणाम होऊ शकतात, म्हणून वजन, उंची आणि रक्तदाब यांची नोंद ठेवली जाते. भारतात हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याच्या मनःप्रभावी पदार्थांच्या यादीत असल्याने ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. चटक लावणारे पदार्थ मेंदूत डोपामिन झपाट्याने उसळवतात. ठरल्या मात्रेत तोंडाने घेतलेले हे औषध हळूहळू चढते आणि उतरते. लहानपणी असे उपचार घेतलेल्या मुलांत पुढे व्यसनांचे प्रमाण त्यामुळे वाढल्याचे एकत्रित विश्लेषणांत आढळलेले नाही. ॲटॉमॉक्सेटिन हे दुसरे औषध वेगळ्या मार्गाने काम करते आणि त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

औषध की वर्तन-प्रशिक्षण, असा वाद घालण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये ५७९ मुलांवरील १४ महिन्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. मुख्य लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेले औषध प्रभावी ठरले, आणि दोन्ही उपचार एकत्र घेणाऱ्या मुलांना औषधाची मात्रा सरासरीने कमी लागली. पाच वर्षांखालील मुलांत मात्र पालकांचे प्रशिक्षण हाच पहिला उपाय मानला जातो.

१२. मेंदूचा एमआरआय किंवा रक्तातले डोपामिन तपासून निदान होते का?

होत नाही, आणि कोणी तसे सांगून तपासणी सुचवत असेल तर पैसे वाचवावेत. रक्तातल्या डोपामिनवरून मेंदूत काय चालले आहे ते कळत नाही. एमआरआयमधले फरक गटांच्या सरासरीतले आहेत. २०१७ मध्ये १,७१३ एडीएचडी असलेल्या आणि १,५२९ नसलेल्या व्यक्तींच्या प्रतिमा एकत्र तपासल्या गेल्या. अक्युंबन्ससह काही भागांचे आकारमान एडीएचडी गटात कमी भरले, पण फरक इतका लहान होता की दोन्ही गटांतली बहुतेक माणसे एकमेकांत मिसळून जातात. शिवाय तो मुलांत दिसला, प्रौढांत नाही. झटके येणे किंवा डोक्याला मार लागणे अशा दुसऱ्या कारणासाठी डॉक्टर तपासणी सांगतात, तेव्हा ती वेगळी बाब आहे.

१३. मी कोठेतरी वाचले, की उतावीळ माणसांचा मेंदू बक्षिसाला जास्त प्रतिसाद देतो. तुम्ही तर कमी म्हणता. खरे काय?

दोन्ही खरे आहे. प्रश्न ३ मधल्या २०१४ च्या आढाव्यातच हे आले आहे. एडीएचडीचे निदान झालेल्या गटात अपेक्षेच्या वेळचा प्रतिसाद कमी आढळला. पण निदान नसलेल्या सर्वसाधारण लोकांत जे अधिक उतावीळ होते, त्यांच्यात तो अधिक आढळला. म्हणजे बाहेरून सारखा दिसणारा उतावीळपणा आतून दोन वेगळ्या वाटांनी येऊ शकतो: एकाला बक्षिसाची ओढ फार असते म्हणून तो धावतो, आणि दुसऱ्याला पुढचे बक्षीस ओढत नाही म्हणून तो हाताशी असेल ते धरतो. त्यातही एडीएचडी असलेले सगळे एकसारखे नसतात. काहींची मुख्य अडचण बक्षिसाशी संबंधित असते, तर काहींची क्रिया रोखण्याच्या किंवा गोष्ट मनात धरून ठेवण्याच्या क्षमतेशी. म्हणून मणी-तक्त्याने एका घरात चमत्कार होतो आणि शेजारच्या घरात थोडाच फरक पडतो. वाहक प्रथिनांच्या अभ्यासांतही असाच गुंता आहे: आधी औषध घेतलेल्यांत ती जास्त आणि न घेतलेल्यांत कमी आढळल्याचे २०१२ च्या एका विश्लेषणात दिसले.

१४. मुलगी शांत आहे, वर्गात त्रास देत नाही, फक्त हरवलेली असते. तिला एडीएचडी कसा असेल?

अतिचंचलता नसताना केवळ लक्ष न टिकण्याचा प्रकार असतो आणि मुलींमध्ये तो नजरेतून निसटतो, कारण तिची कोणी तक्रार करत नाही. तिला वेंधळी म्हटले जाते आणि विषय तेथेच संपतो. खिडकीबाहेर पाहणारी मुलगी मनातल्या गोष्टीकडे वळलेली असते. ती गोष्ट तिला लगेच काही देते, फळ्यावरची रेघ देत नाही. तिच्यासाठी तक्त्यापेक्षा बाईंनी जाता जाता बाकावर ठेवलेला हात आणि "कोठपर्यंत आलीस?" हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो.

१५. मोबाइल आणि साखर यांमुळे एडीएचडी होतो का? डोपामिन उपवास करावा का?

साखरेने मुले अतिचंचल होतात, हा समज नियंत्रित प्रयोगांत टिकलेला नाही. १९९५ च्या एकत्रित विश्लेषणात तसा परिणाम आढळला नाही. मोबाइलचे प्रमाण कमी करणे झोपेसाठी आणि अभ्यासासाठी चांगलेच आहे, पण मोबाइलमुळे एडीएचडी होतो असे म्हणणे कार्यकारणभाव उलटा लावण्यासारखे ठरू शकते, कारण ज्याला जवळचे फळ ओढते तो मोबाइलकडे अधिक ओढला जातो. मोबाइलसारख्या गोष्टी काही काळ पूर्ण सोडून, म्हणजे असा उपवास करून, डोपामिनची पातळी नव्याने लावता येते, या कल्पनेला आधार नाही. मोबाइल एकदम हिसकावून घेतला आणि त्या जागी काहीच दिले नाही, तर प्रश्न ६ मधली रिकामी प्रतीक्षाच मुलाच्या वाट्याला येते.

१६. हे वडिलांकडून आले असेल का? तेही असेच आहेत.

शक्यता मोठी आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून एडीएचडीचा सुमारे ७४ टक्के अनुवंशिक वाटा काढला गेला आहे, आणि तो एका जनुकाचा नसून पुष्कळ जनुकांच्या बारीक परिणामांचा आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की तक्ता रोज भरण्याची जबाबदारी ज्या पालकावर आहे, त्यालाही तो आठवण्यात अडचण असू शकते. अशा घरात पद्धत आणखी सोपी ठेवावी आणि एकमेकांवर दोष ढकलू नये.

१७. माझ्या मुलाला हल्ली कुठलेच बक्षीस नको असते, आवडती मिसळही नको म्हणतो. हे एडीएचडीच वाढले आहे का?

येथे थांबून वेगळा विचार करावा. एडीएचडीमध्ये दूरचे बक्षीस ओढत नाही, पण हातात आलेले आवडते. पूर्वी आवडणारी गोष्ट मिळूनही आनंद होत नसेल, झोप आणि भूक बदलली असेल, मूल मित्रांपासून तुटत असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर नैराश्याची तपासणी करावी. ते एडीएचडीसोबतही येऊ शकते. मरणाविषयी बोलणे झाले असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी. मदतीचा दूरध्वनी क्रमांक पुढच्या उत्तरात आहे.

१८. नाशिकमध्ये कोणाकडे आणि काय घेऊन जावे?

बालमनोविकारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ किंवा विकासविषयक काम करणारे बालरोगतज्ज्ञ यांच्याकडे जावे. खाजगी खर्च परवडत नसेल तर जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात चौकशी करावी. केंद्र शासनाची टेली-मानस ही दूरध्वनीवरची मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास चालते. शाळेतील सवलतींविषयी पालक विचारतात, म्हणून एवढे सांगतो की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. अध्ययन अक्षमता पुष्कळदा एडीएचडीसोबत आढळते, म्हणून वाचन-लेखनात अडचण असेल तर तिचीही तपासणी त्याच वेळी मागावी.

जाताना गेल्या दोन-तीन वर्षांच्या वह्या, प्रगतिपुस्तके आणि शिक्षकांनी लिहिलेले दोन शब्द न्यावेत. घरात कोणत्या वेळी, कोणत्या कामाला मूल टिकते आणि कोठे सुटते, याची आठवडाभराची नोंद एका कागदावर करून न्यावी. टिकल्याच्या नोंदी विसरू नयेत. पतंगाचा मांजा गुंडाळताना तो तासभर एका जागी बसला होता, हेही डॉक्टरांना सांगावे.